आठ ओहम

चोवीस हजार सातशे.
नोटा रबर बँडमध्ये, रबर बँड औषधाच्या पिशवीत,
पिशवी स्कूटरच्या डिकीत.
फोंड्याहून निघाले, बोरीचा पूल ओलांडून
राय गावात पोचेपर्यंत दोनदा थांबून मोजल्या.

काल मडगावच्या दुकानात पाहिला होता नवा कॉम्बो.
गुळगुळीत, एका हाताने उचलता येणारा,
दहा इंची स्पीकर, निळा दिवा, बारा हप्ते.
विकणारा पोरगा म्हणाला, मॅडम, ब्लूटूथपण आहे.
मी सगळ्यात जाड तार छेडली.
शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी खुर्ची सरकवावी
तेवढंच काहीतरी झालं.

आणि आमच्या लग्नांना असतात चारशे माणसं,
दोन ट्रंपेट, ड्रमवर रोझारियो,
ज्याला हळू वाजवणं म्हणजे अंगात कणकण वाटते.
सहा महिने मी तिथे कीबोर्डच्या उसन्या ॲम्पमधून वाजवतेय.
वाजवतेय कसली,
बोटांनी नुसते ओठ हलवतेय.

इनास फुर्तादोंनी दार उघडलं, हातात अर्धा सोललेला कांदा.
बावीस वर्षं जहाजांवर बेस वाजवला,
समुद्र फारसा पाहिलाच नाही म्हणाले,
बँडवाल्यांच्या खोल्या पाण्याच्या रेषेखाली.

हेड जुनं. तीनशे वॉट, पण चार ओहमवर.
आठवर एकशेऐंशी, तेही मनात असलं तर.
एका नॉबच्या जागी टूथपेस्टचं झाकण.
कॅबिनेट दोन, पंधरा इंची, प्रत्येकी आठ ओहम.
दुसऱ्यावर त्यांच्या बायकोने नेच्याची कुंडी ठेवलेली.

प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर लिहून आणले होते प्रश्न.
टॉर्च मारून कोन पाहिला. बोटांनी दाबला, घासत नव्हता.
नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली, कोन टपकन पुढे आला.
लाकूड कलिंगडासारखं ठोकून पाहिलं:
प्लायवूड, भुसा नव्हे.
ते कांदा सोलत राहिले.
मग म्हणाले, आतां वाजोवन पळय, बाय.

खालचा ई.
आधी पोटऱ्यांना कळलं, मग कानांना.
ओट्यावरचं मांजर उठलं, जागा बदलून बसलं.
आणि कुठेतरी झर्रर्र.
गेला, म्हटलं, स्पीकर फाटका.
इनासबाब उठले, भिंतीवरच्या सांत आंतोनच्या तसबिरीमागे
घडी घातलेलं लॉटरीचं तिकीट खोचलं.
हा नेहमीच कुरकुरतो, म्हणाले. परत वाजव.
परत वाजवलं.
मी कितीतरी वेळ तो एकच सूर वाजवत होते.

दोन्ही कॅबिनेटांसकट चाळीस.
हेड आणि एक कॅबिनेट, सव्वीस.
मी पिशवी टेबलावर उपडी केली.
त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं,
दोनशे परत दिले: टेंपोक.

टेंपो मिळाला तो मासळीच्या बर्फाचा.
मी मागे बसले, कॅबिनेटला ताडपत्री, ताडपत्रीला मिठी,
स्कूटर त्यांच्याच अंगणात.
फोंड्यात तिसऱ्या मजल्यावर चढवताना
शेजारचे शिरोडकर म्हणाले, फ्रिज?
म्हटलं, हो.
अजूनही ओल्या हवेत त्यातून बांगड्याचा वास येतो.

रात्री बाबांना हिशेब सांगितला.
दुसरं कॅबिनेट जोडलं की आठ आणि आठ मिळून चार होतात.
चौतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस,
भाताचा घास तसाच हातात.
मग म्हणाले, समांतर जोडणी.
मग म्हणाले, म्हणजे वाट रुंद होते.
पैशांचं काही बोलले नाहीत, मला वाटलं होतं बोलतील.

बोरीतलं लग्न आटोपलं त्या रात्री इनासबाबांना फोन केला.
कसं वाजलं, हे त्यांनी विचारलंच नाही.
कुठे ठेवलेलं? कोपऱ्यात?
कोपऱ्यात घुमतं, भिंतीपासून हातभर पुढे घे.
फोन बायकोकडे गेला.
मी विचारलं, कुंडी अजून तिथेच आहे का?
आहे, म्हणाल्या, छान पसरलाय नेचा.
पाणी घालताना खाली ताटली ठेवा हां, मी म्हटलं,
लाकूड फुगतं.